घोड्याचे शिक्षण आणि परिणामाचा नियम

घोड्यास चाल लावणाऱ्या व स्वारीस योग्य करणाऱ्या मनुष्यास आपल्या मराठीत 'चाबूकस्वार' अशी संज्ञा आहे. शब्द मोठा बोलका आहे. मोतद्दार घोड्यास खरारा करितो, चंदी चारितो. परंतु त्यास विद्या शिकविणारा जो, त्याच्या नावातच चाबूक आहे. चाबकावाचून घोडा शिकत नाही आणि छडीवाचून पोर शिकत नाही, हे दोन समज आपल्याकडे जुळ्या भावंडांप्रमाणे एकत्र वाढले. यांपैकी पहिला कितपत खरा आहे, याची गेल्या सव्वाशे वर्षांत शास्त्रज्ञांनी कसून परीक्षा केली आहे. त्या परीक्षेची हकीकत प्रस्तुत लेखात द्यावयाची आहे. दुसऱ्या समजाचा विचार वाचकांनी वाचता वाचता आपल्या मनाशी करीत जावा. शेवटी आपण त्याकडे वळणारच आहो.

घोड्यास गोडीने शिकवावे ही कल्पना आजची नव्हे. ग्रीस देशातील सेनानी व ग्रंथकार झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वारोहणावर एक पुस्तक लिहिले, ते आजही उपलब्ध आहे. रागाच्या भरात घोड्याशी कधीही व्यवहार करू नये. ज्या वस्तूस तो बुजतो तिच्याकडे त्यास मारून नेल्यास त्याची भीती वाढतेच, कारण त्या वस्तूमुळेच आपणांस मार बसला असे त्यास वाटते. आणि त्याने मनाजोगे काम केले की लगेच त्यास सुख द्यावे, असा उपदेश त्यात केलेला आहे. झेनोफन अनुभवी होता. परंतु असे का घडते, याचा नियम त्यास ठाऊक नव्हता. तो नियम शब्दांत मांडला जाण्यास आणखी सुमारे सव्वादोन हजार वर्षे लोटावी लागली.

नियम पाहण्यापूर्वी शिष्याची ओळख करून घेतली पाहिजे. घोडा हा शिकार करणारा प्राणी नव्हे; तो शिकार होणारा प्राणी आहे. त्याचे पूर्वज उघड्या माळरानावर कळपाने चरत, आणि संशय येताच पळत सुटत. जो आधी पळाला तो वाचला. त्यामुळे बुजणे हा घोड्याचा दुर्गुण नव्हे, ती त्याची जन्मजात शहाणीव आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे मान न वळविता त्यास सुमारे ३५० अंशांचा प्रदेश दिसतो. केवळ पाठीमागची एक चिंचोळी पट्टी आणि कपाळासमोरचा थोडा भाग एवढेच दृष्टीआड राहतात. म्हणूनच जाणता मनुष्य घोड्याजवळ मागून जात नाही. तो खांद्याच्या बाजूने, काहीतरी बोलत जातो. दुसरी गोष्ट पोटाची. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान आहे, आणि मोकळा सोडल्यास तो दिवसाच्या २४ तासांपैकी सुमारे १६ तास चरत असतो. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. भीती ही त्याची सर्वांत प्रबल वृत्ती आहे. आणि चार घास त्यास केव्हाही गोडच लागतात, त्यासाठी त्यास उपाशी ठेवण्याचे कारण नाही.

आता नियमाकडे वळू. अमेरिकेतील एडवर्ड थॉर्नडाइक या तरुण मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने भुकेल्या मांजरास एका पेटीत कोंडिले व बाहेर खाद्य ठेविले. पेटीतील दोरीची फाशी ओढली अथवा फळी दाबली की दार उघडे. मांजर प्रथम ओरखडे, चावे, धडपडे. आणि या धडपडीत केव्हातरी दोरी ओढली जाई. पुन्हा पुन्हा कोंडिल्यावर निरर्थक धडपड हळूहळू गळत गेली व दोरी ओढण्यास लागणारा वेळ कमी कमी होत गेला. यावरून त्याने जे अनुमान काढले त्यास 'परिणामाचा नियम' म्हणतात: ज्या कृतीचा परिणाम सुखद होतो ती कृती त्या परिस्थितीत दृढ होते, आणि जिचा परिणाम असुखद होतो ती क्षीण होते. पुढे बी. एफ. स्किनर याने उंदरांवर अत्यंत बारकाईने प्रयोग करून १९३८ साली या विषयावर आपला पहिला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि या शास्त्रास व्यवस्थित रूप दिले. कृतीस बळकटी आणणाऱ्या परिणामास 'प्रबलन' अशी संज्ञा आहे.

येथे विद्यार्थ्यांनी थोडे सावध असावे, कारण पुढील चार संज्ञांत मोठ्या मोठ्यांचाही घोटाळा होतो. 'धन' आणि 'ऋण' हे शब्द येथे चांगले व वाईट या अर्थाने नव्हेत, तर अंकगणितातल्याप्रमाणे मिळविणे व वजा करणे या अर्थाने घ्यावयाचे आहेत. घोडा एक पाऊल पुढे आला आणि त्यास गाजराचा तुकडा दिला. सुखद वस्तूची बेरीज झाली व कृती वाढली, म्हणून हे धन प्रबलन. लगाम ओढून धरिला, घोडा थांबला, लगेच लगाम सैल केला. नको असलेली वस्तू वजा झाली व थांबण्याची कृती वाढली, म्हणून हे ऋण प्रबलन. घोड्याने चावा घेतला व त्यास चाबूक मारिला. दुःखाची बेरीज करून कृती कमी करावयाची, हा धन दंड. घोडा खिसे हुंगू लागला व मालक खाद्य घेऊन दूर सरला. सुखाची वजाबाकी करून कृती कमी करावयाची, हा ऋण दंड. तात्पर्य, प्रबलनाने कृती वाढते, दंडाने कमी होते. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, हा समज चुकीचा होय.

जगातील बहुतेक घोड्यांचे शिक्षण परंपरेने ऋण प्रबलनाच्याच आधारे चालत आले आहे. टाच लावावयाची, घोडा चालू लागताच टाच सैल करावयाची. लगाम खेचावयाचा, मान वळताच सोडावयाचा. यात क्रौर्य असलेच पाहिजे असे नाही. चांगल्या स्वाराचा दाब बोटाच्या स्पर्शाइतका हलका असतो, आणि तो क्षणाचाही विलंब न लाविता सुटतो. घोडा शिकतो तो दाबाने नव्हे, दाब सुटल्याने. ज्यास हे कळले नाही तो लगाम ओढीतच राहतो; कृती करूनही सुटका नाही असे पाहून घोडा तोंडाचा टणक होतो, आणि मग मालक अधिक टोचणारा लगाम शोधू लागतो. दोष शिष्याचा नसून शिक्षकाच्या हाताचा असतो.

चाबकाचा विचार केला तर त्यात आणखी एक वैगुण्य आहे. मार 'हे करू नको' एवढेच सांगतो. 'मग काय करू?' या प्रश्नाचे उत्तर देत नाही. शिवाय मार ज्याच्या हातून बसतो तो मनुष्य, ज्या जागी बसतो ती जागा, आणि त्या वेळी जे जे समोर असेल ते, या सर्वांशी घोडा दुःखाची गाठ बांधून ठेवितो. आणि मारातून सुटकेचा मार्गच नसेल तर? सेलिग्मन व मायर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६७ साली दाखविले की, ज्या कुत्र्यांस विजेचा धक्का टाळण्याचा कोणताच उपाय पूर्वी उरला नव्हता, त्यांतील बहुतेक पुढे उपाय समोर असताही प्रयत्न करीत ना. ते निमूटपणे सोशीत. सबब खाली मान घालून उभा असलेला प्रत्येक घोडा शहाणा झाला असे समजू नये. कदाचित त्याने केवळ आशा सोडिली असेल.

धन प्रबलनात मुख्य अडचण वेळेची असते. घोड्याने योग्य पाऊल टाकिले त्या क्षणी खाद्य त्याच्या तोंडात पोहोचविणे शक्य नसते. आणि दहा सेकंदांनी दिल्यास तोवर त्याने मान हालविलेली, पाय आपटलेला असतो. मग बक्षीस कशाचे, हे त्यास कसे कळावे? यावर स्किनरचे शिष्य केलर व मेरियन ब्रेलँड या दांपत्याने एक सोपा उपाय योजिला. एक ठरावीक आवाज करावयाचा व लागलीच खाद्य द्यावयाचे. असे काही वेळा केले की 'हा आवाज म्हणजे खाद्य येणार' असा संबंध प्राण्याच्या मनात जुळतो, जसा रशियातील पावलॉव्ह यांच्या कुत्र्यांच्या मनात जुळला होता. मग आवाज योग्य क्षणी करावा आणि खाद्य सावकाश द्यावे. आवाज जणू त्या क्षणाचे छायाचित्र घेतो. डॉल्फिन माशाप्रमाणे दिसतो परंतु मासा नव्हे. त्याच्या गळ्यात दोर बांधून अथवा त्यास मारून काहीच शिकविता येत नाही, तो सरळ पोहून निघून जातो. हवाई बेटांतील कॅरन प्रायर या बाईंनी १९६३ सालापासून डॉल्फिनांस शिट्टी व मासळी यांच्या साहाय्याने शिकविले, आणि १९८४ साली आपल्या पुस्तकाने ही पद्धती सामान्य लोकांपर्यंत नेली. अलेक्झांड्रा कर्लंड या बाईंनी १९९८ साली घोड्यांसाठी याच पद्धतीचे पुस्तक लिहिले. आवाजासाठी मुठीत मावणारी एक लहानशी डबी वापरतात. ती दाबली की 'टिक्' असा आवाज होतो. डबी नसल्यास जिभेने केलेला एकच ठरावीक आवाजही चालतो.

प्रत्यक्ष पाठ कसा असतो ते पाहा. नालबंदास खूर देण्यास नाखूश असलेला घोडा आहे असे समजू. पहिल्या दिवशी पायास हातही लावावयाचा नाही. प्रथम त्यास शिष्टाचार शिकवावा: घोडा खिसे हुंगत असेल तोवर काही मिळणार नाही, त्याने तोंड सरळ समोर वळविले की टिक् आणि घास. घास नेहमी उघड्या तळहातावर, बोटे जुळवून द्यावा. यानंतर खांद्यावर हात ठेवावा; घोडा स्थिर राहिला की टिक् आणि घास. मग हात कोपरापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग खुरापर्यंत न्यावा. पुढे त्याने भार किंचित दुसऱ्या पायावर घेतला तरी तेवढ्यासही बक्षीस द्यावे. नंतर खूर जमिनीपासून अंगुळभर, नंतर वीतभर. नंतर एक क्षण, नंतर दहा क्षण. एखाद्या पायरीवर तो घाबरला तर त्यास रागे न भरता एक पायरी मागे यावे, कारण ती पायरी उंच झाली असा त्याचा अर्थ आहे. पाठ थोडा वेळच चालावा आणि घोड्यास जमत असतानाच संपवावा. या क्रमास 'घडवणूक' म्हणतात: शेवटची कृती घडण्याची वाट पाहत न बसता तिच्याकडे नेणाऱ्या प्रत्येक लहान पावलाचे स्वागत करावयाचे.

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेतील नॉर्थ टेक्सास विद्यापीठाचे रोझालेस-रुईझ व त्यांच्या सहकारी फर्ग्युसन यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाच घोड्या अशा होत्या की, त्यांस वाहून नेण्याच्या बंद गाडीत चढविणे म्हणजे एक लढाईच असे. अंधारी, पोकळ वाजणारी, एकाच बाजूने उघडी असलेली पेटी. शिकार होणाऱ्या प्राण्यास ती सापळ्यासारखी वाटली तर नवल काय! पूर्वी त्यांस बळानेच चढवीत. या संशोधकांनी प्रथम घोड्यांस एका लक्ष्यास नाकाने स्पर्श करावयास शिकविले. स्पर्श केला की खाद्य. मग ते लक्ष्य थोडेथोडे गाडीकडे आणि शेवटी गाडीच्या आत नेले. पाचही घोड्या आपल्या पायांनी गाडीत चढू लागल्या. मान फिरविणे, मागे सरणे, अडून बसणे हे प्रकार बंद पडले. आणि शिकविणारा बदलला किंवा गाडी बदलली तरी शिकलेले टिकून राहिले.

फ्रान्समधील रेन विद्यापीठात कॅरोल सांके व त्यांचे सहकारी यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेले प्रयोग तर आपणां शिक्षकांस व पालकांस विशेष विचार करावयास लावणारे आहेत. त्यांनी तट्टांस शब्दाच्या आज्ञेवर मागे सरावयास शिकविले. काहींस खाद्य देऊन, काहींस चाबूक केवळ हालवून दाखवून. पाठ दोन्ही प्रकारे शिकविता येतो. परंतु चाबूक पाहिलेल्या तट्टांच्या अंगी अस्वस्थता अधिक दिसली. आणि खाद्य मिळालेली तट्टे मनुष्याकडे आपण होऊन येऊ लागली, ती कित्येक महिन्यांनंतरही, आणि अनोळखी मनुष्याकडेही. म्हणजे शिष्य केवळ पाठ शिकत नाही. तो पाठाबरोबर शिकविणाराही शिकतो, आणि एका शिक्षकावरून सर्व मनुष्यजातीविषयी आपले मत बनवितो.

बक्षीस देणाऱ्यानेही सावध असावे, याचे एक नामांकित उदाहरण आहे. बर्लिन शहरात विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे एक सेवानिवृत्त गणितशिक्षक होते. त्यांनी हान्स नावाच्या आपल्या घोड्यास अनेक वर्षे फळ्यासमोर उभे करून अंकगणित शिकविले. प्रश्न विचारला की हान्स खूर आपटून उत्तर देई, आणि उत्तर बरोबर आले की त्यास गाजर वा पाव मिळे. १९०४ साली नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळास यात काही लबाडी आढळली नाही, आणि लबाडी नव्हतीच. परंतु ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने १९०७ साली खरी गोष्ट उघडकीस आणिली. प्रश्न विचारणाऱ्यास स्वतःस उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्यास दिसत नसेल, तर हान्सचे उत्तर चुके. प्रश्न विचारून मनुष्य किंचित पुढे वाकला की हान्स खूर आपटू लागे. आणि योग्य आकडा येताच त्या मनुष्याचे डोके त्याच्या नकळत अंशमात्र वर होई, की हान्स थांबे. हान्स गणित शिकला नव्हता. तो गुरुजींचा चेहरा शिकला होता, कारण गाजर त्याच कृतीस मिळत होते. केवळ बरोबर उत्तरास शाबासकी मिळते तेथे किती मुले रीत शिकतात आणि किती मुले गुरुजींचा चेहरा वाचावयास शिकतात, हा प्रश्न प्रत्येक वर्गात विचारण्याजोगा आहे.

या पद्धतीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, ही लाच नव्हे काय? लाच कृतीच्या आधी दाखविली जाते आणि सौदा ठरविते; प्रबलन कृतीनंतर येते. हट्ट करणाऱ्या घोड्यासमोर गाजर नाचविले तर आपण हट्टासच बक्षीस देतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मनुष्य म्हणजे घोडा नव्हे. हे अगदी खरे आहे. लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी १९७३ साली बालवर्गातील मुलांवर एक प्रयोग केला. ज्या मुलांस चित्रे काढण्याची मुळातच हौस होती, त्यांतील काहींस 'चित्र काढाल तर प्रशस्तिपत्र मिळेल' असे आधी सांगितले. काही दिवसांनी पाहता, बक्षिसाच्या बोलीने चित्रे काढिलेल्या या मुलांची हौस इतरांपेक्षा कमी झालेली आढळली. ज्यांस बक्षीस न सांगता अवचित मिळाले, त्यांचा उत्साह मात्र तसा उणावला नाही. तेव्हा जे मूल आवडीने वाचते त्यास दर पुस्तकामागे पैसे देऊ नयेत. ती हौस विकत घेतल्याने स्वस्त होते. बक्षिसाचा उपयोग भीतीने अडलेल्या पावलासाठी आहे, आपण होऊन धावणाऱ्या पावलासाठी नव्हे.

पालकांनी आता त्या पाच घोड्यांच्या जागी गणिताच्या वहीपुढे बसलेले आपले मूल डोळ्यांसमोर आणावे. बंद गाडीइतकीच ती वही त्यास अंधारी वाटत असते. ते उठते, पाणी पिते, पेन्सिल शोधते. आपण त्यास आळस म्हणतो, आणि हात उगारितो. हात उगारिल्याने गणिताची भीती जात नाही. तिच्यात आपलीही भीती मिळते. भारतात २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. परंतु घरातील अभ्यासाच्या चटईपर्यंत कायदा पोहोचत नाही, तेथे आपली समजूतच पोहोचली पाहिजे. दहा उदाहरणांऐवजी एक द्यावे. ते जड गेल्यास त्याची पहिली ओळ द्यावी. ती बरोबर आली की त्याच वेळी, नेमके काय बरोबर आले ते सांगावे. "हातचा बरोबर घेतलास" हे वाक्य "हुशार आहेस" या वाक्यापेक्षा अधिक उपयोगी आहे, कारण पुढच्या वेळी काय करावयाचे ते त्यातून कळते. आणि जमत असतानाच पुस्तक मिटावे.

विद्यार्थी मित्रांनी हा नियम स्वतःवर चालवून पाहावा. परीक्षेचे फळ वर्षाच्या अखेरीस मिळते. इतक्या लांबच्या फळाने आजची सवय दृढ होत नाही. म्हणून आजच्या कामाचे लहान तुकडे करावे, प्रत्येक तुकडा पुरा होताच वहीत खूण करावी, आणि अवघड धडा अडला तर स्वतःस दूषणे न देता एक पायरी मागे यावे. तसेच माथेरानच्या वाटेवर किंवा सारंगखेड्याच्या बाजारात एखादा घोडा दिसल्यास त्याच्या मागून न जाता मालकास विचारून खांद्याच्या बाजूने जावे, आणि मानेच्या बुडाशी, आयाळ जेथे संपते तेथे हलकेच खाजवावे. घोडे परस्परांस त्याच जागी खाजवितात. आणि तेथे खाजविल्याने घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे फ्रान्समधील संशोधनात १९९३ साली दिसून आले आहे. त्याचे कान सैल झाले व ओठ लोंबू लागले म्हणजे तुमचा हात त्यास आवडला असे समजावे. त्याने मान दूर नेली, तर तेही एक उत्तर आहे, असे समजून आपण हात मागे घ्यावा.